कॉनरॅड उशिरा हलतो? आधी टीव्ही तपासा

तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं. सेलमध्ये ‘फ्लॅशबॅक’ हा गेम घेतलात, कन्सोल हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला लावलात, पहिल्याच जंगलात मरून मरून कंटाळलात, बटण दाबलं की त्याचा नायक कॉनरॅड उशिरा हलतो, आणि ‘अशा साय-फाय प्लॅटफॉर्म गेममध्ये (उड्या मारत, कडा चढत पुढे जायच्या गेममध्ये) लोकांना मजा तरी कशात येते’ असं विचारलंय. माझं अगदी हेच झालं होतं. बटणं कुठली, सेव्ह कुठे होतं वगैरे सांगत बसत नाही, ते खेळता खेळता कळतं.

तुमच्या तक्रारीत दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. एक, कॉनरॅड मुळातच जड आहे. दोन, तुमच्या टीव्हीवर सगळंच उशिरा दिसत असणार. पहिली गोष्ट गेमची मजा आहे, दुसरी त्या मजेची वाट लावते. ओळखायचं कसं? पॉज दाबा आणि मेनूत वर-खाली करून बघा. मेनूसुद्धा रेंगाळत असेल तर दोष टीव्हीचा. मेनू चटकन हलतो पण कॉनरॅड पळता पळता थांबायला दोन पावलं घेतो, तर ते गेमनेच तसं ठेवलंय.

आता माझी कथा, थोडा वैताग सहन करा. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. उडी प्रत्येक वेळी कड सुटल्यावर पडायची. कंट्रोलर बदलून पाहिला, तेच. मग टीव्हीच्या सर्व्हिस सेंटरला तक्रार टाकली. फोनवरच्या बाई म्हणाल्या, ‘सर, पिक्चर येतंय ना? साउंड येतोय ना? मग टीव्ही ओके आहे.’ त्यांच्या लिस्टमध्ये ‘बटण उशिरा लागतं’ असा पर्यायच नाही, म्हणून त्यांनी ‘डिस्प्ले प्रॉब्लेम’ लिहून घेतलं. माणूस आला, यूट्यूब लावून पाहिलं, ‘एकदम क्लिअर आहे’ म्हणाला आणि तक्रार बंद करायला ओटीपी मागायला लागला. मी दिला नाही, तर वरून फोन. शेवटी ‘मेनबोर्ड गेला असणार’ असं निदान झालं, वॉरंटी संपलेली, बोर्डाचे पैसे वेगळे, व्हिजिट चार्ज वेगळा. नवा बोर्ड बसला आणि उडी होती तिथेच. त्यावर उत्तर काय, तर ‘गेमचं आम्ही बघत नाही, कन्सोलवाल्यांना विचारा.’ कन्सोलवाले म्हणाले टीव्हीवाल्यांना विचारा.

खरं कारण सेटिंगमध्ये होतं, फुकटचं. टीव्ही दोन फ्रेमच्या, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या दोन चित्रांच्या, मधे स्वतःची एक फ्रेम घुसवून चित्र गुळगुळीत करतो. त्यासाठी पुढची फ्रेम येईपर्यंत आधीची अडवून ठेवावी लागते, वर बाकी रंगरंगोटी, म्हणून चित्र मागे पडतं. सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर एक फ्रेम साधारण 17 मिलिसेकंदांची. अशा पाच-सहा अडकल्या की उडीचा अंदाज कायमचा चुकतो. खूण सांगतो: सिनेमा लावल्यावर तो मालिकेसारखा चकचकीत दिसतो का? दिसत असेल तर हे चालू आहे. ते बंद करायला ‘गेम मोड’ लावा. बऱ्याच टीव्हींवर तो प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळा लावावा लागतो, सेट-टॉप बॉक्सच्या पोर्टला लावून ‘फरक पडला नाही’ म्हणू नका. काही नवे टीव्ही कन्सोल ओळखून आपणच तो लावतात. सगळ्या ब्रँडचा मला अनुभव नाही, मेनूत नावं वेगळी असतील. आणि हो, ब्लूटूथ हेडफोन काढा. पावलांचा, गोळीचा आवाज मागून आला तर तोही घात करतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. हे माझं मत, पटलंच पाहिजे असं नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचा हात टीव्ही गेमच्या कॅसेटवर, म्हणजे ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’वर बसलाय. तिथे हवेतसुद्धा दिशा बदलता येते. ‘फ्लॅशबॅक’ (1992) त्या घराण्यातला नाही, तो ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या (1989) घराण्यातला. ज्यांनी कॉम्प्युटर क्लासच्या डॉस मशीनवर राजपुत्राला एकेक पाऊल टाकत कडेपर्यंत नेलंय, त्यांना कॉनरॅड लगेच जमतो. दोन्हीकडे जमीन अदृश्य चौकटींत विभागलेली असते, पात्र चौकट मोजून चालतं आणि एकदा घेतलेली उडी मागे घेता येत नाही. म्हणून इथे बोटांच्या चपळाईपेक्षा आधी उभं राहून बघणं कामाला येतं. पिस्तूल आधी काढायचं, मग पुढच्या पडद्यावर पाऊल टाकायचं. जडपणामुळे प्रत्येक पाऊल हा निर्णय होतो, आणि माझ्या मते अर्धी मजा तिथेच आहे.

उरलेली अर्धी मजा म्हणजे न बोलता सांगणारं जग. एरिक शाहीने बनवलेला ‘अनदर वर्ल्ड’ (1991) हा गेम बघा. त्याचा नायक लेस्टर, त्याच्या प्रयोगशाळेवर वीज पडते आणि तो परक्या ग्रहावर पाण्याच्या तळाशी येऊन पडतो. सुरुवातीचा सिनेमा अजून चालूच आहे असं समजून तुम्ही बघत बसता आणि खालून सोंडा येऊन त्याला ओढतात. स्कोअर नाही, आयुष्याची पट्टी नाही, परक्यांच्या बोलण्याचं भाषांतर नाही. सुरुवातीच्या पडद्यांवर मागच्या कड्यावर एक काळं जनावर उभं दिसतं. कोणी सांगत नाही ते काय आहे, पण थोड्या वेळाने ते समोर येतं तेव्हा आपल्याला ते आधीच ठाऊक असतं. पुढे पिंजऱ्यात शेजारी एक परका कैदी असतो, पिंजरा झुलवून पहारेकऱ्यावर पाडला की तो मित्र होतो. एका शब्दाविना.

‘सुपर मेट्रॉइड’ (1994) या गेमने तर शिकवणीच प्राण्यांकडे सोपवली. एका उभ्या विवरात छोटे हिरवे प्राणी भिंतीवरून भिंतीवर उड्या मारत वर जातात, आपण बघतो आणि करतो. दुसरीकडे शहामृगासारखा एक पक्षी धाव घेतो आणि सरळ वर झेपावतो, तेही तसंच. खिडकीभर सूचना देणाऱ्या हल्लीच्या गेमवाल्यांनी हे पुन्हा बघावं. हा माझा राग आहे, सोडून द्या.

मरण्याबद्दल: मेल्यावर ‘अरे, हे दिसत होतं की!’ वाटलं तर गेम चांगला. ‘हे कुठून आलं?’ वाटलं तर नाही. या हिशोबाने ‘अनदर वर्ल्ड’सुद्धा काही ठिकाणी अन्यायी आहे, भक्तांनी मारायला येऊ नये. ‘फ्लॅशबॅक’ त्या मानाने सभ्य. तुमच्याकडे 2018ची किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर त्यात वेळ मागे नेण्याची सोय आहे, ती बिनदिक्कत वापरा. 2013चा रीमेक घेतला असेल तर तो वेगळाच प्रकार आहे, माझं वरचं बोलणं त्याला लावू नका.

जंगलाविषयी एवढंच: जखमी माणसाला टाळून पुढे जाऊ नका आणि क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, जपा. खाली उतरायला अँटिग्रॅव्हिटी बेल्ट लागतो, तो 500 क्रेडिटला मिळतो, त्याशिवाय उडी मारली तर संपलात. पुढे न्यू वॉशिंग्टन या गेममधल्या शहरात कामं मिळवायला आधी परमिट लागतं, म्हणजे टायटनवर, शनीच्या चंद्रावरसुद्धा कचेरीच्या खेपा आहेतच.

टीव्हीचं मॉडेल आणि कन्सोल कुठल्या पोर्टला लावलाय ते लिहा. गेम मोड लावूनही मेनू रेंगाळत असेल तर मधे साउंडबार किंवा स्प्लिटर आहे का तेही सांगा.