बारांगारूला आजीने जावं का?

प्रश्न : ताई, मी अलिबागजवळची, सध्या सिडनीला मुलाकडे आलेय. सूनबाई म्हणते आई बारांगारूला जाऊ, तिथल्या मूळ लोकांची आठवण ठेवणारं पार्क आहे. मुलगा म्हणतो काही नाही गं, सगळं नकली, आधी तिथं कंटेनरचा धक्का होता. नात ९ वर्षांची, तिला शाळेत झाडांवर प्रोजेक्ट आहे. माझे गुडघे दुखतात, एवढी पायपीट करण्यासारखं आहे का?
– एक आजी

उत्तर : आजी, जा की! मुलगा खोटं नाही बोलत हो, धक्काच होता तिथं, सपाट काँक्रीटचा. तो फोडून तिथलाच वालुकाश्म काढला, त्याचे १०,००० चिरे कापून किनारा रचला, १८३६ च्या आधी जसा होता साधारण तसा, आणि वर ७५,००० च्या वर झाडंझुडपं लावली, जवळजवळ सगळी सिडनीच्याच मातीतली. २०१५ ला उघडलं. म्हणजे जंगल नवीन, पण झाडं तिथली जुनी रहिवासी. मला तरी यात नकली काही वाटत नाही.

आता नाव. बारांगारू ही बाई, तिथल्या कॅमरेगल या मूळ लोकांतली, बेनेलाँगची बायको. बेनेलाँग म्हणजे इंग्रजांशी बोलणी करणारा तिथलाच एक मूळ रहिवासी. ऑपेरा हाऊस ज्या टोकावर आहे ना ते बेनेलाँग पॉइंट, तिथं जाऊन सगळे फोटो काढतात, बायकोकडे मात्र कोणी फिरकत नाही (आपल्याकडे तरी काय वेगळं!). तिथं पुरुष भाल्यानं मासे मारायचे आणि गळ टाकायचं काम बायकांचं. शिंपल्याचा गळ, सालीच्या धाग्याची दोरी, सालीचीच होडी, तिला नावी म्हणतात, आणि होडीतच मातीवर छोटा विस्तव, पोर मांडीवर, मासा तिथंच भाजायचा. आणि गोऱ्यांनी १७९० मध्ये जाळी ओढून हजारो मासे काढले तेव्हा या बायकांना काय वाटलं असेल ते अलिबागच्या बाईला मी काय सांगू. बारांगारूला इंग्रजांनी कपडे दिले तर तिनं घालायला नकार दिला, १७९१ ला गेली बिचारी.

नातीच्या प्रोजेक्टसाठी अबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ लोकांतल्या, गाइडबरोबरची टूर घ्या, आधी बुकिंग करा. नुसतं स्वतः फिरलात तर हिरवंगार बघून घरी याल, काय कशाचं ते कळणार नाही. लोमांड्रा म्हणून लांब पातीचं झुडूप आहे, त्याच्या पातींच्या टोपल्या विणतात. आणि बुरावांग नावाच्या झाडाबद्दल नक्की विचारा, त्याच्या बिया विषारी, पण पाण्यात बरेच दिवस भिजवून, कुटून, भाजून खायचे तिथले लोक. आपल्याकडे कातकरी, ठाकर कडूकंद उकळून वाहत्या पाण्यात ठेवतात ना, डोकं तेच चाललंय, समुद्र मधे एवढा असून! हे गाइडला सांगाच, नात भाषांतर करेल.

गुडघ्यांचं म्हणाल तर पाण्याकाठचा रस्ता सपाट आहे, त्याला वुलुगुल वॉक म्हणतात. वरच्या चढावर जायचा हट्ट धरू नका, सूनबाई आणि नात जाऊन येतील तोवर खाली चिऱ्यावर बसा, डबा बरोबर न्या आणि टोपी विसरू नका, तिथलं ऊन फार लागतं.