तरंगाची वारंवारता वाढली की तरंगलांबी कमी का होते?

वारंवारता म्हणजे सेकंदाला किती तरंग (हर्ट्झमध्ये मोजतात), आणि तरंगलांबी म्हणजे एका तरंगाची लांबी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे तरंगाचा वेग, आणि एकाच माध्यमात तो वेग ठरलेला असतो. वेग = वारंवारता × तरंगलांबी. एक वाढली की दुसरीला त्याच प्रमाणात घटावंच लागतं.

आपल्या बेळगाव-खानापूर भागातलंच उदाहरण घ्या. घरात जुना रेडिओ असेल तर त्याच्या मिडीयम वेव्हच्या पट्टीवर धारवाड आकाशवाणी ७६५ किलोहर्ट्झवर आणि सांगली १२५१ वर. कन्नड बातम्या एका आकड्यावर, मराठी दुसऱ्यावर. दोन्हीकडच्या लहरी प्रकाशाच्याच वेगाने येतात, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. आता वेगाला वारंवारतेने भागा: धारवाडची तरंगलांबी साधारण ३९२ मीटर, सांगलीची २४० मीटर. सांगलीची वारंवारता जास्त, म्हणून लांबी कमी. हा भागाकार एकदा स्वतः वहीत करून बघाच, सूत्र पाठ करण्यापेक्षा कितीतरी पक्कं बसतं.

एका गोष्टीत मात्र बरीच मुलं चुकतात. माध्यम बदललं की वारंवारता बदलत नाही. ती तरंग निर्माण करणारा स्रोत ठरवतो. बदलतो तो वेग, आणि त्याच्याबरोबर तरंगलांबी. ३४० हर्ट्झचा आवाज हवेत (वेग सुमारे ३४० मीटर प्रति सेकंद) १ मीटर लांबीचा असतो. तोच पाण्यात शिरला की वेग साधारण १४८० होतो आणि लांबी ४ मीटरच्या वर जाते. वारंवारता तीच, ३४०.

म्हणून ‘व्यस्त प्रमाण’ (एक वाढली की दुसरी त्याच प्रमाणात घटते) लिहिताना ‘वेग स्थिर असताना’ हे शब्द उत्तरात जरूर लिहा.