भावाच्या मेंदूतले कॅव्हर्नोमा आणि घरातला बीपी

निपाणीच्या ताई, तुम्ही विचारलंय की फिट आल्यावर भावाच्या एमआरआयमध्ये बरेच कॅव्हर्नोमा दिसले, आईच्या अंगावरून पूर्वी वारं गेलेलं, घरात सगळ्यांना बीपी-शुगर. तर बीपी वाढला की त्या गाठी फुटणार का?

माझ्या सासरी हा आजार दोन पिढ्या आहे, म्हणून लिहिते. बीपी हे इथलं मुख्य कारण नव्हे. पण म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, ते खाली सांगते.

कॅव्हर्नोमा धमनीवर होत नाही. मेंदूतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या फुगून एकमेकींना चिकटतात, भिंती पातळ, आत रक्त जवळजवळ साचलेलं. हिडकल धरणातनं सुटलेल्या पाण्याला शेवटच्या सरीत कुठला जोर राहतोय? तसंच हे. म्हणून ही गाठ बहुतेकदा आतल्या आत झिरपते. 'बीपीनं नस फुटली' असं पाहुणे सांगतात ते धमन्यांचं. धमनीवरचा फुगा, म्हणजे अॅन्युरिझम, असेल तर बीपी आणि तंबाखू खरोखर घात करतात. तुमच्या गावात तंबाखूचं वेगळं सांगायला नको.

मग धोका कशावर ठरतो? 2016 साली 7 अभ्यासांतल्या 1620 रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, त्यात दोनच गोष्टी ठळक निघाल्या: आधी रक्तस्राव झालाय का, आणि गाठ ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदू मणक्याला जोडणाऱ्या देठात, आहे का. दोन्ही नसेल तर पाच वर्षांत रक्तस्रावाची शक्यता 3.8 टक्के, दोन्ही असेल तर 30.8. वय, बाई की पुरुष, गाठ एक की अनेक, यानं अंदाजात फारसा फरक पडला नाही. त्यामुळं 'बऱ्याच गाठी' ऐकून हातपाय गाळू नका, त्या कुठं आहेत ते विचारा.

घराण्यात चालणारा प्रकार केआरआयटी1, सीसीएम2 किंवा पीडीसीडी10 यांतल्या एका जनुकाच्या बिघाडानं होतो. तिसऱ्यात रक्तस्राव लहानपणीच होण्याची भीती जास्त. पण बिघाड तोच असूनही एकाला विशीत फिट, दुसऱ्याला म्हातारपणापर्यंत काही नाही, असं आमच्याच घरात आहे. उंदरांवरच्या 2017 च्या कामात आतड्यातल्या जिवाणूंचा हात दिसला, पण त्यावरून घरगुती पथ्यं सुरू करू नका.

गोळ्यांचं. बीपीची गोळी चालूच ठेवायची, कारण बीपीचा स्वतःचा लकवा वेगळा येतो. आईला कदाचित तोच आला असेल, जुन्या सीटीवरून कॅव्हर्नोमाचा निकाल लागत नाही. फिटची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. कुणी अॅस्पिरिन घेत असेल तर घाबरून परस्पर बंद करू नये. 2019 च्या एका अभ्यासात रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या कॅव्हर्नोमाच्या रुग्णांत रक्तस्राव उलट कमीच दिसला. मनानं सुरूही करू नये, हे आलंच.

मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून झालं, असं कुणी वहिनींना बोलत असेल तर गप्प करा. एका पालकाकडून बिघाड आला तरी पुरतो. प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, 50 टक्के शक्यता.

जनुक तपासणीसाठी बेंगळुरूला निम्हान्स या मेंदूविकारांच्या सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. एसडब्ल्यूआय हा भाग त्यात घेतलाय का, ते इथंच विचारून घ्या. बारीक गाठी त्यातच दिसतात.