भिंतीवरचा प्रोजेक्टर अर्ध्या तासात बंद पडतोय, मदरबोर्ड बदलू का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. सातवीच्या वर्गात फळ्याच्या वर भिंतीला लॅम्पवाला प्रोजेक्टर बसवलाय, माजी विद्यार्थ्यांनी दिलेला. गेल्या वर्षापर्यंत छान चालायचा, आता पंचवीस-तीस मिनिटं झाली की फॅन घरघरतोय, टेम्पची लाल लाईट लागतीय आणि बंद. पोरं टाळ्या वाजवतात ते वेगळंच. वर पत्रे आहेत. धूळ बसू नये म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सुताराकडनं प्लायची पेटी करून घेतली, पुढं लेन्सपुरतं भोक ठेवून. रिपेरीवाला म्हणतोय मदरबोर्ड गेला, आठ हजार लागतील. काय करू?

उत्तर: बाई, आठ हजार आत्ता द्यायचे नाहीत. दिवाळीत पेटी केली हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला तर दुखणं तिथंच दिसतंय.

असला प्रोजेक्टर साधारण 250-300 वॅट खातो आणि त्यातला थोडासाच उजेड होऊन फळ्यावर जातो, बाकी सगळी उष्णता, म्हणजे जुने 100 वॅटचे तीन बल्ब पेटीत घालून झाकण लावल्यासारखं झालं की ओ. एका बाजूनं गरम हवा बाहेर टाकतो आणि तीच हवा पेटीत फिरून दुसऱ्या बाजूनं परत आत. त्यात वर पत्रा. उन्हाळ्यात बाकावरच्या पोराला लागतंय त्यापेक्षा फळ्याच्या वर जास्त तापलेलं असतं, आणि बहुतेक मशीनना आजूबाजूची हवा 35 ते 40 डिग्रीपर्यंतच चालते. म्हणून ती लाल लाईट. मशीन स्वतःला वाचवायलंय.

तर आधी पेटी काढा. मग वहीच्या कागदाची पातळ पट्टी घेऊन चालू प्रोजेक्टरच्या जाळ्यांसमोर धरा. एका जाळीला पट्टी चिकटली पाहिजे, दुसरीकडं फडफडली पाहिजे. चिकटत नसेल तर फिल्टर बुजलाय.

फिल्टर काढताना बटणानं बंद करा, फॅन थांबू दे, मग पिन काढा आणि तासभर हात लावू नका, आत लॅम्प भयंकर तापलेला असतो. खडूची पूड, त्यात आपल्याकडची लाल माती, आणि पावसाळ्यातला ओलावा. एका मशीनमधनं मी काढलेला थर अगदी वाळक्या भाकरीसारखा अख्खा निघाला होता. मऊ ब्रशनं नाहीतर व्हॅक्यूमनं साफ करा, माहितीपत्रकात लिहिलं असेल तरच पाण्यानं धुवा. काही डीएलपी मशीनना (आत बारीक आरशांची चिप असलेल्या) फिल्टरच नसतो, तिथं नुसत्या जाळ्या झाडायच्या. आणि ब्लोअर मारायचाच तर फॅनचं पातं काडीनं अडवून धरा. मी शिकाऊ असताना तसाच मारला, फॅन शिट्टी वाजवत फिरला, बेअरिंग गेलं, पैसे माझ्याच पगारातनं कापले.

दुसरं म्हणजे घंटा झाली की मेन स्विच खटकन बंद करायची सवय असेल तर ती मोडा. फॅन थांबला तरी लॅम्पची उष्णता आतच राहते. लाईट सारखी जात असेल तर तेवढा लोड झेपणारा यूपीएस लावा, पाच मिनिटं मिळाली तरी पुरे. मेनूत इको मोड करा, उजेड जरा कमी पण तापायचं पण कमी. हाय अल्टिट्यूड मोड लावा असं कोण ना कोण सांगेलच, तो साधारण 1500 मीटरच्या वरच्या गावांसाठी असतो, बेळगावच 750 मीटरच्या आसपास आहे. लावलात तर फॅनचा आवाज तेवढा वाढेल.

एवढं करूनही बंद पडला तर दोघांनी धरून खाली उतरवा, टेबलावर मोकळा ठेवून तासभर चालवा. चित्र उलटं दिसलं तर घाबरू नका, भिंतीवर तो उलटा टांगलेला असतो म्हणून तसं सेटिंग असतंय. टेबलावर तासभर नीट चालला तर मशीन ठीक, जागा बदला नाहीतर वरचा पत्रा थंड ठेवायचं बघा. तिथंही दहा मिनिटांत लाल लाईट आली तर रिपेरीवाल्याला फॅन आणि टेंपरेचर सेन्सर तपासायला सांगा, तेही त्यानं तुमच्यासमोर उघडून दाखवलं पाहिजे. मदरबोर्डचं नाव त्यानंतर काढू दे.

पेटीचं प्लाय टाकू नका, खडू-डस्टर ठेवायला फळी होईल.