परदेशात शिकवताना सगळे आपल्याकडेच बघत असतात, त्याची सवय होते का?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात आफ्रिकेत शिकवायला निघालात, आणि धास्ती भाषेची किंवा जेवणाची नाही, तर गावात आपण एकटेच वेगळे दिसणार याची आहे. मी बडोद्याची. इथिओपियात, गोंदरला, दोन वर्षं संख्याशास्त्र शिकवून आले. सवय होते, पण सगळ्याची नाही.

आमचं घर दांडिया बाजारात. बडोद्याच्या मराठी माणसाचं वेगळेपण ऐकू येतं, दिसत नाही. भाजीवाल्याशी गुजरातीत बोललं की संपलं. पुण्याचे नातेवाईक आमच्या मराठीला हसतात, तिथे जरा गप्प बसलं की भागतं. गोंदरला ही सोय नव्हती. मी तोंड उघडायच्या आतच गल्लीच्या टोकावरून पोरं ओरडायची, 'फेरेंज! फेरेंज!' आपल्या 'फिरंगी'चाच हा भाऊ. गायकवाड मराठ्यांच्या राजधानीतली मी, आणि मलाच फिरंगी! पहिल्या दिवशी हसू आलं, दहाव्या दिवशी आलं नाही.

मोठी माणसं मात्र चटकन ओळखायची. 'हिंद? टीचर?' सम्राट हैले सेलासींच्या काळापासून तिथल्या शाळांमधून भारतीय शिक्षकांनी शिकवलंय. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला गणित शिकवणारे मास्तर भारतीयच होते, आणि ते खडूचा तुकडा नेम धरून कसा मारायचे हे त्याने मला साभिनय दाखवलं. चेहरा माझा, पण ओळख त्या मास्तरांची. त्यामुळे मी कडक असणार हे गावाने आधीच ठरवून टाकलं होतं. तुम्हालाही कदाचित अशी आयती ओळख मिळेल. ती घ्या, पण खडू मारू नका.

वर्गातली गंमत वेगळीच. पहिल्या तासाला फळ्यावर गणित मांडलं, वळून विचारलं, 'कळलं का?' तर समोरच्या मुलीने दचकल्यासारखा श्वास आत ओढला. मग मागच्या बाकावरून तसाच आवाज. मला वाटलं, काहीतरी घोर चुकलंय. दोनदा आकडे तपासले, सगळं बरोबर! तिथे 'हो' म्हणायची ती एक रीत आहे, हे नंतर कळलं. आणि मी मान डोलवत होते, ते त्यांना 'नाही' वाटत होतं. आठवडाभर आम्ही एकमेकांना घाबरवत होतो.

एकदा बसमध्ये मागच्या सीटवरच्या पोरीने माझी वेणी हळूच ओढून पाहिली. राग आला खरा. पण कॉलेजात असताना केनियाच्या एका मुलाला 'तुझ्या केसांना हात लावू का?' असं सगळ्यांसमोर विचारणारी मीच होते. मग कुठल्या तोंडाने बोलणार?

रिक्षाचा भाव चढा लागतो, तेवढं धरून चाला. (रिक्षाला तिथे म्हणतातच 'बजाज'. ऐकून बरं वाटतं, पैसे देताना नाही.)

शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या. कॉफीला बोलवायच्या, म्हणजे दीड तास मोडला: जमिनीवर गवत पसरायचं, बिया तिथेच भाजायच्या, आणि एकामागून एक तीन फेऱ्या. भाषेच्या नावाने दोघींची बोंब. एके दिवशी त्यांनी माझ्या टिकलीवर बोट ठेवलं, आणि मग स्वतःच्या कपाळावर. तिथे हिरवट निळा क्रूस गोंदलेला. माझ्या आजीच्या कपाळावर अगदी त्याच जागी, त्याच रंगाचं गोंदण होतं. मी मोबाइलमधला आजीचा फोटो दाखवला. बाईंनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, मग तो तसाच हातात धरून सुनेला हाक मारली. त्या दिवशी चौथी फेरी झाली.

सवय कशाची झाली नाही ते सांगते. बाबांना दवाखान्यात भरती केल्याचा फोन आला तेव्हा मी बाजारात होते. डोळे भरून आले, आणि आजूबाजूची पन्नास माणसं थांबून बघायला लागली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, एकीने तर पाणीही आणलं. पण मला त्या क्षणी फक्त कुणीच नसायचं होतं, आणि ते तिथे जमत नाही. घराची खोली घेताना आतून नीट बंद होणारं दार आणि जाड पडदे आहेत ना, एवढं बघून घ्या.

टिकली लावत असाल तर चार पाकिटं जास्त न्या. माझी तिसऱ्या महिन्यातच वाटून संपली होती.