बलेनो की फ्रॉन्क्स: कोल्हापुरातून राधानगरीकडे जाणाऱ्यासाठी

आपण विचारले आहे की, कोल्हापूर शहरात राहणाऱ्या आणि महिन्यातून दोन-तीन वेळा वयस्क आई-वडिलांना घेऊन राधानगरी तालुक्यातल्या गावी जाणाऱ्या माणसाने मारुती सुझुकीची बलेनो घ्यावी, की तिच्यावरच बेतलेली, थोडी उंच असलेली फ्रॉन्क्स घ्यावी. माझेही गाव त्याच बाजूला आहे आणि गाडी घेताना मी याच दोन नावांवर अडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्रॉन्क्सच्या बंपरला आणि चाकांच्या कमानींना काळे प्लास्टिक लावले असले, तरी तिला जीपसारखी समजू नका. दोन्ही गाड्यांचा मूळ सांगाडा एकच आहे, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, 2520 मिलिमीटर आहे, 1.2 लिटरचे पेट्रोल इंजिन तेच आहे आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. बांधाकडेच्या चिखलात पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली, तर दोन्ही सारख्याच अडकतात.

फरक आहे तो उंचीचा. बलेनोचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचे पोट यांतले अंतर, साधारण 170 मिलिमीटर, तर फ्रॉन्क्सचा 190, म्हणजे दोन सेंटिमीटर जास्त. त्यातला जवळजवळ निम्मा भाग टायरमधूनच येतो. वरच्या व्हेरियंटच्या बलेनोला 195/55 आर16 टायर असतात आणि फ्रॉन्क्सला 195/60 आर16. टायरच्या बाजूची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते तिरप्या रेघेनंतरचा आकडा सांगतो, म्हणून एकीकडे ती सुमारे 107 मिलिमीटर भरते आणि दुसरीकडे 117. मात्र बलेनोच्या खालच्या व्हेरियंटला 185/65 आर15, म्हणजे 15 इंची चाकांचे, टायर मिळतात, ज्यांची भिंत 120 मिलिमीटर भरते. खड्ड्यात रिमला मार बसण्याची काळजी असेल, तर 15 इंची चाकांची साधी बलेनो फ्रॉन्क्सपेक्षा कमी पडत नाही. शोरूममध्ये ही गोष्ट आपणहून कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

ते दोन सेंटिमीटर कुठे उपयोगी पडतात, हे मला माझ्या जुन्या हॅचबॅकने शिकवले. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर शेतवाटेवरून दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात, चाकोऱ्या खोल होतात आणि मधला गवताचा उंचवटा तसाच कडक उभा राहतो. आम्ही पाच जण आणि डिकीत तांदळाची दोन पोती, असे निघालो होतो. गाडीचे पोट त्या उंचवट्यावरून लांबवर घासत गेले आणि उतरून पाहिले, तर खालचे प्लास्टिकचे आवरण एका टोकाला लोंबत होते. एकटा असताना त्याच वाटेने मी शंभर वेळा गेलो होतो. माहितीपत्रकातला आकडा सहसा रिकाम्या गाडीचा असतो. माणसे आणि ओझे भरल्यावर मागची बाजू बरीच खाली बसते, आणि अशा वेळी दोन सेंटिमीटरही पुरेसे ठरू शकतात. फक्त शहरात, राजारामपुरीपासून रंकाळ्यापर्यंत, किंवा पुढे परितेपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर चालवायची असेल, तर बलेनोला काहीच अडचण नाही.

पुराच्या पाण्यासाठी मात्र या फरकावर विसंबू नका. 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 फुटांच्याही पुढे मजल मारली होती. अशा वेळी रस्त्यावर चढणारे पाणी कोणत्याही छोट्या गाडीच्या आवाक्याबाहेरचे असते. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेले, की ते हवेसारखे दाबले जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावे लागते. रस्ता दिसत नसेल, तर मागे फिरा.

इंधनाचा फरक किरकोळ आहे. कंपनीच्या प्रमाणित आकड्यांनुसार मॅन्युअल बलेनो लिटरला 22.35 किलोमीटर देते आणि 1.2 फ्रॉन्क्स 21.79, वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले, तर जास्तीचे पेट्रोल बारा लिटरही होत नाही. गगनबावड्याहून करूळ घाटाने कोकणात वारंवार ये-जा असेल, तरच फ्रॉन्क्समध्ये मिळणाऱ्या, चढावर जास्त जोर देणाऱ्या 1.0 लिटर टर्बो इंजिनाचा विचार करावा.

आपल्या बाबतीत मी फ्रॉन्क्सच सुचवेन, आणि त्याचे मुख्य कारण रस्त्यापेक्षा आई-वडिलांचे गुडघे हे आहे. गाडीची एकूण उंची 1500 ऐवजी 1550 मिलिमीटर आहे आणि आसनही वर आहे. माझी आई जुन्या गाडीत बसताना आधी दाराची कड धरायची, मग अंग खाली सोडायची आणि उतरताना कुणाचा तरी हात मागायची. फ्रॉन्क्सच्या पुढच्या सीटवर ती खुर्चीत बसावे तशी सरळ बसली. वडील उंच आहेत. त्यांना मागे बसताना मान वाकवावी लागली, कारण फ्रॉन्क्सचे छप्पर मागे उतरते आहे आणि तिथे बलेनोच मोकळी वाटते. म्हणून टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. एकाच दिवशी दोन्ही गाड्या मागवा, आईंना पुढे आणि वडिलांना मागे बसवा, दोघांना दोन-तीनदा चढायला-उतरायला सांगा, आणि वडिलांचे डोके छताला टेकत असेल, तर माझा सल्ला बाजूला ठेवून 15 इंची चाकांची बलेनो घ्या.