मक्यावरची लष्करी अळी: नव्या शेतकऱ्यासाठी

भाऊ, पहिल्या हंगामात एवढीच अळी ओळखा: डोक्यावर उलटा 'वाय', शेपटाकडे चौकोनात चार ठिपके. तापीकाठच्या उष्णतेत तिची पिढी साधारण महिन्यात पूर्ण होते, तोरणमाळच्या डोंगरावरच्या थंडाव्यात जास्त दिवस लागतात. म्हणून खालच्या शहाद्याचं फवारणीचं वेळापत्रक वर तोरणमाळला जसंच्या तसं वापरू नका.

जोरदार पाऊस पोंग्यातल्या (मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीतल्या) बारीक अळ्या धुऊन नेतो. खरी काळजी उघडिपीत घ्या, तेव्हा अळी झपाट्याने वाढते.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:
- पानांना मोठी भोकं पडेपर्यंत थांबणं. पांढरे चट्टे दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क मारा.
- भर दुपारी, पानांवरून फवारणं. अळी पोंग्यात असते. संध्याकाळी नोझल थेट पोंग्यात धरा.